सोयाबीनमधला सावा औषधाला दाद देईना, पाचवं वर्ष

काळी_माती | १४ जुलै २०२४, रात्री ९:४०

राम राम मंडळी. वाचतोय बरेच दिवस, लिहितोय पहिल्यांदाच. हिंगोली जिल्हा एवढं सांगितलं तरी पुरे. नऊ एकर रान. सहा एकरांत दरसाल सोयाबीन आणि त्यावर हरभरा. दीड एकर हळद. उरलेल्यात तूर आणि घरापुरतं काहीबाही.

प्रश्न तणाचा आहे. दहा वर्षांपूर्वी इमॅझेथापायर हे तणनाशक मारायला लागलो तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. पंधरा दिवसांत रान चकाचक. आई म्हणाली होती, "अर्धा जन्म खुरप्यात गेला माझा, हे आधी कुठं होतं?" तीन-चार वर्षं मजेत गेली. मग सावा हे गवत मागं राहायला लागलं. आधी धुऱ्याकडेला, मग खोलगट भागात, आता सगळ्या रानात. खालचा दांडा लालसर असतो तो रानसावा.

यंदा पेरणीपाठोपाठ डायक्लोसुलम मारलं. तरी उगवलाच. मग सत्ताविसाव्या दिवशी इमॅझेथापायर आणि इमॅझामॉक्स एकत्र असलेलं, दुकानदार म्हणाला नवीन आलंय. आज जाऊन बघितलं. एकाच तासात (ओळीत) वीतभर अंतरावर दोन झाडं. एक पिवळं पडून आखडलेलं, दुसरं हिरवंगार, चार फुटवे फुटलेलं, आठ दिवसांत निसवेल, म्हणजे कणसं टाकेल. कुंजरू, दुधी, माठ सगळं मेलं. सावा तेवढा आमच्याकडं बघून हसतोय.

बाया मिळत नाहीत. मिळाल्या तर तीनशेच्या खाली नाही, आणि सगळ्या गावाला त्याच आठ दिवसांत पाहिजेत. औषधात भेसळ आहे, की जमिनीत काही दोष आहे, की तणच आता मरत नाही?

---

चौथीपास | १४ जुलै, रात्री १०:०२

आमच्याकडं पण हेच. औषधंच बोगस झालीत सगळी. पाणी विकतात पाणी.

---

वाफसा | १४ जुलै, रात्री १०:३१

थांबा. भेसळीवर जायच्या आधी काही गोष्टी सांगा, अंदाजे नको, खरं सांगा.

पंप किती लिटरचा? पंपाला किती मिली टाकलं? एकरात पंप किती बसले? नोझल कोणतं, कीटकनाशकाचं गोल फवारणारं की तणनाशकाचं पट्टा पाडणारं? फवारलं तेव्हा सावा किती पानांवर होता? आणि हयात असलेला सावा रांगेनं आहे का ठिगळाठिगळानं?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. रांगेनं असेल तर फवारणाऱ्याचा पट्टा सुटलाय.

---

तासगावकर | १४ जुलै, रात्री १०:४५

बाकी ठीक पण आमच्याकडं खुरपण नाही, भांगलण म्हणतात. :)

---

डवरा | १४ जुलै, रात्री १०:५१

आणि आमच्या वऱ्हाडात निंदण. आता यावर वेगळा धागा नको बुवा.

---

काळी_माती | १५ जुलै २०२४, सकाळी ६:१५

@वाफसा सर, पंप सोळा लिटरचा, चार्जिंगचा. दुकानातून पंपाला ३० मिली सांगतात, तेवढंच टाकतो, ते मोजायचं टोपण घेऊन. एकराला सात पंप, कधी आठ. नोझल पंपासोबत आलेलं, गोल फवारतं. सावा फुटव्यावर आला होता हे खरं आहे, कारण मध्ये आठ दिवस पावसानं उघडीपच दिली नाही. ठिगळं आहेत, रांगा नाहीत. मागच्या वर्षी जिथं जास्त होता तिथंच यंदा जास्त.

(यंदाचं जोडऔषध पुडीत होतं, त्याचा हिशेब वेगळा. पण आधीची नऊ वर्षं ३० मिलीच.)

---

वाफसा | १५ जुलै, दुपारी १:२०

बरं केलंत, खरं सांगितलंत. आता हिशेब बघू.

दहा टक्क्यांचं इमॅझेथापायर एकरी ४०० मिली, साधारण २०० लिटर पाण्यातून. ३० मिली प्रतिपंप हा आकडा कुठून आला? ४०० भागिले साडेबारा पंप, म्हणजे ३२. तुम्ही सात पंपात एकर उरकता. सात गुणिले तीस, २१० मिली. नऊ वर्षं तुम्ही निम्मा डोस मारताय, आणि तोही गोल नोझलनं, म्हणजे मधेच जास्त, मधेच काहीच नाही.

डोस पंपाचा नसतो, एकराचा असतो. हे वाक्य प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर रंगवलं पाहिजे.

साधी परीक्षा सांगतो. दहा मीटर बाय दहा मीटर आखा, तो झाला एक गुंठा. पंपात साधं पाणी मोजून भरा आणि नेहमीच्या चालीनं फवारा. पाच लिटर लागले तर एकरी दोनशे. तुमचे तीनच्या आत लागतील. त्यावरून चाल कमी करा आणि नोझल बदला. हात डावी-उजवीकडं झुलवू नका, नोझल एका उंचीवर धरून सरळ चाला.

पण. एवढ्यानं तुमचं कोडं सुटत नाही. कमी डोसनं कुंजरू मेला, दुधी मेली, शेजारचा सावाही मेला, आणि वीतभरावरचा वाचला. त्याच जातीचं मेलेलं आणि जिवंत झाड शेजारीशेजारी, आणि दरवर्षी त्याच ठिगळातून वाढत जाणारं. ही प्रतिकाराची खूण आहे. भेसळ असती तर दुधीही वाचली असती.

आणि मोठी गोष्ट. यंदा तुम्ही आधी डायक्लोसुलम मारलं, मग इमॅझेथापायर अधिक इमॅझामॉक्स. तीन नावं, दोन कंपन्या, दोन डबे. काम एकच! तिन्ही वनस्पतीतलं एकच विकर (एन्झाइम) अडवतात, एएलएस म्हणतात त्याला. झाडाला तीन अमिनो आम्लं बनवायला ते लागतं. क्लोरीम्युरॉनही त्यातलंच. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ही सगळी गट २ मध्ये येतात. ज्या सावाला एक पचलं त्याला बरेचदा दुसरंही पचतं. तुम्ही औषध बदललंच नाही, डबा बदललात. ये रे माझ्या मागल्या.

---

शेतकरीण_बी | १५ जुलै, दुपारी २:०५

म्हणजे औषधानं तण बिघडवलं असं म्हणायचं का? माझे सासरे म्हणतात औषधामुळं तणाचं वाण बदललं.

---

वाफसा | १५ जुलै, दुपारी २:४०

ताई, बदललं नाही, निवडलं. धान्य चाळताना चाळणी तीच ठेवली की दरवेळी त्याच मापाचे खडे वर राहतात, तसं. लाखो सावांत एखाद-दुसरा असा असतोच की ज्याच्या विकराचा आकार जन्मतः जरासा वेगळा आहे आणि औषध त्याला चिकटत नाही. पहिल्या वर्षी तो कुणाच्या नजरेत येत नाही. त्याचं बी पडतं. बाकीचे मेल्यामुळं त्याला जागा, खत, ऊन सगळं मोकळं. दरसाल तीच चाळणी. गट २ च्या बाबतीत हे लवकर होतं, कारण त्या विकरात एका ठिकाणचा बदल पुरतो.

निम्म्या डोसचं पाप वेगळं. त्यानं अर्धवट सहनशील झाडंही वाचतात, त्यांचा आपसात संकर होतो आणि थोडी थोडी ताकद गोळा होत जाते. ऑस्ट्रेलियात राईग्रास नावाच्या गवतावर हे प्रयोगानं दाखवलंय. आपला सावा बहुतांशी स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागानं बी धरणारा, त्याच्यात ही गोळाबेरीज तेवढी पटकन होत नाही. पण निम्म्या डोसातून वाचलेल्याचं बी रानात पडतंच ना.

---

दुकानवाला | १५ जुलै, संध्याकाळी ७:५५

मी कृषी सेवा केंद्र चालवतो, परभणी साईड. सगळं दुकानदारावर ढकलू नका. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "जालीम द्या, आणि स्वस्त द्या, आणि एकच फवारा सांगा." बारा पंप सांगितले तर म्हणतं, "एवढं पाणी कोण वाहणार, बारा पंप पाठीवर घेतलेत का कधी?" ते खरंही आहे, चिखलात बारा पंप म्हणजे माणूस मरतो. मग आम्हीच पंपाचं माप सांगायला लागलो. गट वगैरे आम्हाला कंपनीच्या मीटिंगमध्ये कुणी सांगत नाही, तिथं स्कीम सांगतात.

चूक मान्य आहे. पण धंदा असा चालतो.

---

डवरा | १५ जुलै, रात्री ८:१०

+१. इतकं खरं बोलणारा दुकानदार पहिल्यांदा बघतोय. पाया पडतो भाऊ.

---

शेतकरीण_बी | १६ जुलै, सकाळी ११:३०

सावा राहू द्या, केन्याचं काय? आमच्या रानात सगळं मरतं, केना नाही. बायांनी उपटून तासातच टाकला तर आठ दिवसांत परत उभा. आणि नवल म्हणजे परवा एक झाड हळू उपटलं तर मुळापाशी पांढऱ्या तंतूंवर बारीक शेंगा! मातीच्या आत! मला वाटलं कसली गाठ आहे, फोडली तर बी.

---

वाफसा | १६ जुलै, दुपारी १२:१५

शाबास, हे फार कमी लोक बघतात. केना दोन ठिकाणी फुलतो. वर ती निळी फुलं, आणि जमिनीखाली न उमलणारी, त्यातलं बी वरच्यापेक्षा मोठं. वर काय केलं तरी खालची सोय झालेली. कांड्याला कांडं फुटतं, म्हणून पावसाळी दिवसात कोळपून तुकडे केले की एकाचे पाच. केना उपटला की रानाबाहेर न्यायचा, धुऱ्यावरही नाही टाकायचा.

पण केना आणि सावा एकाच माळेत ओवू नका. केना ग्लायफोसेट या तणनाशकाला मुळातच फारसा बधत नाही, त्यानं ती ताकद कमावलेली नाही. अमेरिकेत जॉर्जियाच्या कापसात सगळीकडं ग्लायफोसेट सुरू झालं, बाकी तणं मेली आणि मोकळ्या जागेत हा आपला केनाच तिथं डोकेदुखी होऊन बसला. इमॅझेथापायर त्याला चालतं, पण दोन-तीन पानांवर असताना. पुढं गेला की आखडतो आणि सावरतो.

गंमत म्हणजे जगात तणनाशक पचवणाऱ्या तणांची जी अगदी पहिली नोंद आहे, १९५७ ची, हवाईतल्या उसातली, २,४-डी ला न मरणारी, ती केन्याच्याच सख्ख्या चुलत बहिणीची आहे.

---

रानमेवा | १६ जुलै, दुपारी १२:४०

केन्याच्या पानांची भजी कुणी खाल्लीच नाहीत का इथं? माझी आजी खुरपताना ओटीत वेगळं काढायची: केना, कुंजरू, तांदुळजा, घोळ. संध्याकाळची भाजी झाली, उरलेलं म्हशीला. औषध मारायला लागल्यापासून ती भाजी बंद, म्हशीचा चारा पण विकत. हा खर्च कुणी हिशेबात धरत नाही.

---

काळी_माती | १६ जुलै, रात्री ९:००

रानमेवा, अगदी. आई कालच म्हणाली कुंजरूची भाजी खाऊन किती वर्षं झाली.

---

अण्णा_निवृत्त | १७ जुलै, सकाळी ८:२५

मी नव्वदच्या दशकात नोकरीनिमित्त हरियाणात कर्नाल-कैथल भागात होतो. तुमचं सगळं वाचताना तेच दिवस आठवले, फक्त पीक गव्हाचं.

तिकडं गव्हात एक गवत येतं. मंडूसी म्हणतात, गुल्ली डंडाही म्हणतात. ओंबी येईपर्यंत गहू कोणता आणि ते कोणतं कळत नाही. जुनी माणसं रोप उपटून बुंध्याशी मोडून बघत, लालसर दिसलं की मंडूसी. भात-गहू, भात-गहू, दरसाल तेच, आणि दरसाल आयसोप्रोट्युरॉन. दहा-पंधरा वर्षं मारलं. मग नव्वदच्या सुरुवातीला ते मरेना. आधी लोकांनी औषधालाच नकली ठरवलं (चौथीपास, तुम्हालाच बोलतोय), डोस दुप्पट केला. हिसारच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं की हा प्रतिकार आहे. मी स्वतः बघितलंय, लोकांनी उभा हिरवा गहू कापून जनावरांना घातला, कारण त्यात गहू कमी आणि मंडूसी जास्त.

१९९७-९८ पासून नवी औषधं आली, क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन वगैरे. पुन्हा सगळे खूश. पुन्हा तीच एक-दोन दरसाल. साधारण दशकभरात तीही ढिली पडली, आणि आता काही रानांत असा गुल्ली डंडा आहे की तो दोन-तीन गटांची औषधं एकदम पचवतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात राहिली. ज्यांच्याकडं मधूनच बरसीम होता, ऊस होता, बटाटा होता, त्यांच्या रानात हा त्रास उशिरा आला. बरसीम चाऱ्याला वारंवार कापतात, गुल्ली डंडा त्याच्याबरोबर निसवायच्या आधीच कापला जायचा. औषधानं नाही, विळ्यानं.

---

बिनधास्त | १७ जुलै, दुपारी ४:१०

एवढी चर्चा कशाला? ते चोर बियाणं कापसाचं येतं ना, त्यावर बेधडक ग्लायफोसेट मारा, सगळं साफ. सोयाबीनमध्ये पण येईल लवकरच. सरकारच अडवून बसलंय. आणि तोवर तीन औषधं एकत्र करून मारा, मी मारतो, काही होत नाही.

---

संपादक | १७ जुलै, दुपारी ४:४५

तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला देशात परवानगी नाही. ते कुठं मिळतं, कसं मिळतं यावर इथं लिहू नये. धोरणावर मत मांडायला हरकत नाही.

---

डवरा | १७ जुलै, संध्याकाळी ६:३०

@बिनधास्त, मी अकोट तालुक्यातला. २०१९ च्या जूनमध्ये अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेनं उघडपणे ते बियाणं पेरून सत्याग्रह केला, तेव्हा मी तिथं उभा होतो. तंत्रज्ञान आपल्याला मिळावं याच मताचा आहे मी. पण ते घेऊन दरसाल एकच फवारा मारायचा असेल तर अमेरिकेचं काय झालं ते बघ. त्यांच्याकडं माठाच्या जातीचं एक तण आहे, पामर अमरांथ. नर झाड वेगळं, मादी वेगळी, एकेक मादी लाखांनी बी टाकते. वीस वर्षांपूर्वी जॉर्जियाच्या कापसात ते ग्लायफोसेटला मरेना झालं. प्रत्येक झाडानं ग्लायफोसेट ज्या विकराला अडवतं त्याच्या जनुकाच्या प्रती वाढवून ठेवलेल्या, कुठं शंभरावर. एवढं विकर तयार झाल्यावर औषध किती अडवणार? शेवटी तिथं हजारो एकरांत माणसं लावून खुरपावं लागलं. अमेरिकेत!

आणि तीन औषधं एकत्र म्हणतोस. २०१७ ला यवतमाळात फवारणीनं विसाच्या वर माणसं गेली. ती कीटकनाशकं होती हे खरं, पण "काही होत नाही" म्हणत मिसळणारीच माणसं होती तीही. माझ्या आतेभावाचे डोळे आठ दिवस उघडत नव्हते.

---

बिनधास्त | १७ जुलै, संध्याकाळी ७:०२

बरं बाबा. मास्क लावतो.

---

विनानांगर | १८ जुलै, सकाळी ७:४०

मी चार वर्षं सगुणा पद्धतीनं करतो. कायमचे गादीवाफे, नांगरट बंद, मुळं जमिनीतच. जमीन अशी भुसभुशीत झालीय की गांडुळं दाखवायला पाहुणे आणतो. आणि न नांगरल्यामुळं खालचं बी वर येत नाही, तण दरसाल कमी.

पण प्रामाणिकपणे सांगतो, या सगळ्याचा खिळा ग्लायफोसेटवर ठोकलाय. कापणीनंतर धसकटं आणि तण त्यानंच मारायचं. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्रानं अधिसूचना काढली की ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांमार्फतच वापरायचं. दुकानात काय चालतं ते सगळ्यांना माहीत. उद्या तण त्याला मरेनासं झालं तर माझ्याकडं वखरही नाही, विकून टाकला. वरचा मजकूर वाचून रात्री झोप लागली नाही.

---

पर्थकर | १८ जुलै, दुपारी ३:५०

मूळ गाव मिरजेजवळ, सध्या पश्चिम ऑस्ट्रेलियात धान्य पट्ट्यात कृषी सल्लागार. @विनानांगर, तुमची भीती इथं खरी झालेली आहे. इथलं राईग्रास १९८२ पासून एकेका गटाला जुमानेनासं झालं, आणि ग्लायफोसेटला न मरणारं राईग्रास १९९६ मध्ये जगात पहिल्यांदा सापडलं ते ऑस्ट्रेलियातच.

इथल्या शेतकऱ्यांनी मग प्रश्न उलटा विचारला. तण मारायचं कसं हे राहू दे, त्याचं बी रानात पडू कसं द्यायचं नाही? गहू कापताना राईग्रासचं बरंच बी झाडावरच असतं. ते हार्वेस्टरमध्ये जातं आणि मागून भुश्शाबरोबर सगळ्या रानात पसरतं, म्हणजे आपणच पेरतो. कुणी भुस्सा मागच्या गाडीत गोळा करतं, ढीग मेंढ्यांना. कुणी अरुंद पट्ट्यात टाकून जाळतं. डार्कनच्या रे हॅरिंग्टन नावाच्या शेतकऱ्यानं हार्वेस्टरमागं बी भरडून टाकणारं यंत्रच बनवलं. राईग्रासचं बी जमिनीत तीन-चार वर्षांच्या पुढं फारसं टिकत नाही. तेवढी वर्षं नवं बी पडू दिलं नाही की रान मोकळं होत जातं.

आपल्याकडं असलं यंत्र परवडणार नाही, पण मळणीनंतर हार्वेस्टर झाडून घेतल्याशिवाय आपल्या रानात शिरू देऊ नका, हे फुकट आहे. दुसऱ्याच्या रानातलं तण तुमच्याकडं चालत येत नाही, चाकांवर बसून येतं.

---

वाफसा | १८ जुलै, रात्री ९:१५

पर्थकरांचं सोळा आणे खरं, पण सावात एक अडचण आहे. तो सोयाबीनच्या आधी पिकतो आणि बी गाळून मोकळा होतो. हार्वेस्टर येईपर्यंत निम्मं बी जमिनीत. म्हणून आपल्याकडं बी गोळा करायची वेळ कापणीची नाही, निसवायच्या आधीची. म्हणजे आता.

काळी_माती, तुमच्यासाठी माझा क्रम असा. यंदा गट २ ला हात लावू नका, पुढच्या वर्षीही नको. आता वाचलेल्यावर क्विझालोफॉपसारखं फक्त गवतावर चालणारं गट १ चं मारता येईल, पण फुटवे चार झालेत, अर्धवट मरेल आणि आपण गट १ सुद्धा बिघडवू. त्यापेक्षा ठिगळं तेवढी बाया लावून उपटा. सहा एकर नका खुरपू, ठिगळं किती? अर्धा एकर भरतील. बी धरायच्या आत.

पुढच्या साली पहिल्या चांगल्या पावसावर पेरायची घाई न करता तण उगवू द्या, वखरून मारा, मग पेरा. आठवडा जातो, मला ठाऊक आहे मृगाच्या पेरणीचं काळजाला किती असतं. पेरल्यावर दोन दिवसांत ओलीवर पेंडीमेथालिन, ते गट ३. मग अठराव्या-विसाव्या दिवशी डवरणी (ओळींमधली कोळपणी), पस्तिसाव्याला दुसरी. सोयाबीनला पहिले तीस-पंचेचाळीस दिवसच तण खातं, नंतर ते स्वतः सावली धरतं. आणि सर्वांत मोठं म्हणजे हळद. वर्षाला तीन-चार वेळा तुम्ही हळद खुरपताच. ती दरसाल त्याच दीड एकरात कशाला? जिथं सावा जास्त तिथं हलवा. कंदमाशी-कंदकुजीलाही बरं.

पण आधी खात्री करा. वाचलेल्या पाच-सहा झाडांचं पिकलेलं बी काढून ठेवा (उपटताना एवढी सोडा, फडकं बांधा). आणि जिथं कधीच औषध पडलं नाही अशा गायरानातल्या सावाचं बीही घ्या. पुढच्या जूनमध्ये दोन्ही कुंड्यांत पेरा, दोन-तीन पानांवर पूर्ण डोस, निम्मा डोस आणि दुप्पट डोस. तीन आठवडे बघा. गायरानातला मेला आणि रानातला वाचला तर मग बोलू.

---

काळी_माती | २७ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:२०

उशिरा लिहितोय. ठिगळं उपटली, बाया नाही मिळाल्या, घरच्यांनीच चार दिवस केलं. पोरगं शाळा बुडवून आलं म्हणून मास्तर रागावले. साडेतीन गाड्या सावा निघाला. बी काढून दोन जुन्या औषधांच्या बाटल्यांत ठेवणार होतो, आईनं हातातून काढून घेतल्या. आता चहाच्या बरण्यांत आहे, चिठ्ठ्या लावून.

एक गोष्ट मळणीच्या वेळी लक्षात आली. दरसाल आम्ही गुळी (मळणीचा भुसा) जनावरांना घालतो आणि शेण कच्चंच रानात टाकतो. गुळीत हात घातला तर मूठभरात सावाचं बी दिसलं. म्हणजे पर्थकर म्हणाले ते यंत्र आमच्या गोठ्यात उलटं चालू होतं. यंदा उकिरडा दोनदा पलटणार, कुजल्याशिवाय खत बाहेर काढणार नाही.

हमीभाव ४८९२, आमच्या मोंढ्यात चार हजारच्या आसपास. तणापेक्षा याचंच औषध कुणी सांगा.

---

दुकानवाला | २८ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

त्याचं औषध आमच्याकडं नाही. पण दुकानात मी गटाचा तक्ता लावलाय, माझ्याच हातानं लिहून. तीन जणांनी विचारलं हे काय आहे. पट्टा पाडणारी नोझलं पण ठेवलीत, साठ रुपये, एकही गेलं नाही.

---

काळी_माती | २० जुलै २०२५, रात्री ८:५०

कुंड्यांचा निकाल. पंधरा-पंधरा झाडं ठेवली होती, औषध इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजलं, पाण्यासाठी हातपंपाची बाटली.

गायरानातला सावा: निम्म्या डोसला दोन वाचले, पूर्ण डोसला सगळे मेले.
रानातला: पूर्ण डोसला पंधरातले नऊ वाचले. दुप्पट डोसला सहा. ते सहा आखडलेसुद्धा नाहीत, पोरानं पट्टीनं मोजून लिहिलंय.

केनाही लावला होता शेतकरीण ताईंसाठी. दोन्हीकडचा सारखाच. लहान असताना मारला तो मेला, पाच पानांवर मारला तो उठला.

---

वाफसा | २० जुलै, रात्री ९:२५

मग संशय उरला नाही. ते बी थोडं जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या आणि जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडं पाठवता येईल का विचारा. कुंडीतली झाडं निसवायच्या आत उपटून जाळा, विसरू नका. रानात यंदा काय स्थिती?

---

काळी_माती | २० जुलै, रात्री ९:४०

पहिल्या पावसावर पेरलं नाही. गावात सगळे पेरून मोकळे, मी वखर घेऊन रिकाम्या रानात. लोक विचारत होते बी मिळालं नाही का. नऊ दिवस उशीर झाला. वखरताना सावा असा उगवला होता की हिरवी सतरंजी अंथरल्यासारखा, तो सगळा गेला. वरून पेंडीमेथालिन, गुंठ्याला पाच लिटर मोजून. बारा पंप. खांदे सोलले.

आता सावा आहे, नाही असं नाही, पण तासात वाकून शोधावा लागतो. हळद वरच्या तुकड्यात नेली, तिथं जास्त आहे, बाया आहेत.

---

डवरा | २० जुलै, रात्री ९:५५

पहिली डवरणी झाली का? अठरा दिवस झाले असतील.

---

काळी_माती | २१ जुलै, सकाळी ५:५०

पाऊस हटत नव्हता. रात्रीपासून उघडीप आहे, दुपारपर्यंत वाफसा येईल असं वाटतंय. बैल शेजाऱ्याचे आहेत, त्याला हो म्हणून ठेवलंय. बाकी रात्री लिहितो.